उसनें पुस्तक

पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या कांठीं वसलेलें थेरगांव हें पूर्वीं शेतकऱ्यांचें खेडें होतें. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनीं त्याला हळूहळू आपल्यांत ओढून घेतलें. आज तेथें औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं फीच्या पावतीमागोमाग ग्रंथालयाचें कार्ड पडतें. तो तें खिशांत टाकतो आणि वर्गाकडे वळतो. त्या कार्डांत नवल करण्यासारखें कांहीं आहे असें त्याला वाटत नाहीं, आणि वाटावें तरी कां? जी गोष्ट सर्वांना मिळते तिचें नवल कोणीच करीत नाहीं.

परंतु तें कार्ड आपोआप आलेलें नाहीं. त्याच्या आधीं एक मोठा काळ असा होता कीं, गरीब विद्यार्थ्याचें पुस्तक म्हणजे उसनें पुस्तक. कोणा मायाळू शिक्षकानें दिलें तर तें मिळे; नाहीं दिलें तर मागण्यास जागा नसे. उपकाराचें पुस्तक हक्काचें कसें झालें, ही महाराष्ट्रांतील शिक्षणाच्या इतिहासांतील एक महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती विद्यापीठांच्या मोठमोठ्या इमारतींत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं.

इमारती मात्र लवकर उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. १८६४ सालीं प्रेमचंद रायचंद ह्या व्यापाऱ्यानें ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षीं, ग्रंथालयास जोडून मनोरा उभारावा व त्याला आपल्या आईचें, राजाबाईचें, नांव द्यावें म्हणून आणखी दोन लाख दिले. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतला हा पैसा. पुढल्याच वर्षीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि शेअरांच्या सट्ट्यांत प्रेमचंद स्वतः बुडाला. दान तेवढें तरलें. इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्या इंग्रज शिल्पज्ञानें काढला, तोहि मुंबईस कधीं पाऊल न ठेवतां. १८७८ सालीं मनोरा पुरा झाला आणि सगळें शहर त्यावरील घड्याळाकडे पाहून आपलीं घड्याळें लावूं लागलें.

ग्रंथालयाकडे पाहणारे अर्थात् थोडेच होते. ह्यांत कोणाची हयगय होती असें नाहीं. लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेलें हें विद्यापीठ पहिलीं पन्नासएक वर्षें स्वतः कोणाला शिकवीतच नव्हतें. परीक्षा घ्यावयाची व पदव्या द्यावयाच्या, एवढेंच त्याचें काम. विद्यार्थी बसत ते एल्फिन्स्टनमध्यें, विल्सनमध्यें, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत, फर्ग्युसनमध्यें. ज्या संस्थेपाशीं ग्रंथांचा महाल होता तिच्यापाशीं वर्ग नव्हता, आणि जेथें वर्ग होता तेथील कपाटांच्या किल्ल्या बहुधा प्राध्यापकांच्या मर्जीवर फिरत. पुस्तक हें मालमत्तेसारखें जपावयाचें, ही त्या काळची समजूत होती. ग्रंथ हे वापरासाठीं आहेत, हें तत्त्व एस. आर. रंगनाथन् ह्यांना १९३१ सालीं आपल्या पांच नियमांत अगदीं पहिलें म्हणून मांडावें लागलें, ह्यावरूनच तें किती लोकांना ठाऊक नव्हतें हें दिसून येतें.

१९०८ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांत भीमराव रामजी आंबेडकर नांवाचा एक विद्यार्थी दाखल झाला. तो राहत होता परळच्या चाळींत. खोली एकच, तींतच स्वयंपाक, तींतच सामान, तींतच सगळें कुटुंब. निजावयाचें तें उशाशीं जातें आणि पायथ्याशीं शेळी अशा बेतानें. दिवसाच्या गलबल्यांत अभ्यास होणें शक्य नव्हतें. म्हणून वडील, सुभेदार रामजी, मुलाला संध्याकाळीं लवकर निजवीत आणि रात्रीं दोनच्या सुमारास उठवीत. मग मिणमिणत्या दिव्यापाशीं उजाडेपर्यंत वाचन चाले. पुस्तकांसाठीं पैसे नसले म्हणजे सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात. रोख मिळाली तर रोख, नाहीं तर अंगावरचा एखादा दागिना घेऊन येत आणि तो गहाण टाकून पुस्तक आणीत. मुलीच्या दागिन्यावर मुलाचें पुस्तक आणणाऱ्या ह्या बापाला ग्रंथालयशास्त्रांतील एकहि नियम माहीत नव्हता; पण त्या नियमांची गरज त्याच्याइतकी कोणाला कळली असेल?

शाळेंत असल्यापासून हा मुलगा वाचावयास घराबाहेर जागा शोधीत असे. चर्नी रोडच्या बागेंत तो शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसे. त्याच बागेंत कृष्णराव अर्जुन केळुसकर हे गृहस्थ संध्याकाळीं येत. केळुसकर शिक्षक होते, ग्रंथकार होते, आणि गौतम बुद्धाचें मराठी चरित्र त्यांनीं १८९८ सालींच प्रसिद्ध केलें होतें. रोज वाचनांत गढलेला हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनीं विचारपूस केली, पुस्तकें दिलीं, काय वाचावें तें सांगितलें. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाला तेव्हां सत्काराची सभा भरली, आणि तींत केळुसकरांनीं आपलें तें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें. बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांच्याकडे नेऊन महिना पंचवीस रुपयांची विद्यार्थिवृत्ति मिळवून देणारेहि केळुसकरच. एल्फिन्स्टनमध्यें मुल्लर नांवाचे प्राध्यापक होते. ते भीमरावास आपलीं पुस्तकें वाचावयास देत आणि अंगावर घालावयास कपडेहि देत.

हीं सारीं माणसें थोर होतीं. पण ह्या कथेंत जपून पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. केळुसकर त्या बागेंत येत नसते तर? मुल्लरसाहेबांची बदली झाली असती तर? एका असामान्य बुद्धीच्या मुलाचें सगळें शिक्षण दोन-चार माणसांच्या भलेपणावर टांगलेलें होतें. बागेंतल्या बाकावर ज्यांची कोणाशीं गांठ पडली नाहीं अशा मुलांचीं नांवें कोणत्याहि चरित्रांत आलेलीं नाहींत.

१९१३ सालीं आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि ग्रंथालयाचा दुसरा अर्थ त्यांना तेथें प्रथम दिसला. तेथें विद्यार्थ्यानें पुस्तक मागावयाचें तें कोणाच्या कृपेसाठीं नव्हे; तो तेथील विद्यार्थी आहे एवढें पुरत असे. फावल्या वेळांत जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरून, पोटाला चिमटा घेऊन, त्यांनीं सुमारें दोन हजार पुस्तकें जमविलीं. १९१७ सालीं विद्यार्थिवृत्तीची मुदत संपल्यामुळें लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परत यावें लागलें. स्वतः ते एका बोटीनें आले आणि पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीनें निघाल्या. महायुद्ध चालू होतें. ती बोट जर्मन पाणबुडीनें बुडविली. सामानाची जी नुकसानभरपाई हातीं आली तींतून बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याचा प्रवासखर्च निघाला.

आणि बडोद्यास काय झालें? हिंदुस्थानांत मोफत ग्रंथालयांची चळवळ प्रथम ज्या संस्थानांत पद्धतशीर उभी राहिली तें हें बडोदें. सयाजीरावांनीं १९१० सालीं बोर्डन नांवाच्या अमेरिकन तज्ज्ञास मुद्दाम बोलावून आणलें होतें; मध्यवर्ती ग्रंथालय, गांवोगांवची वाचनालयें, खेड्यांतून फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, अशी ती योजना होती. अशा ह्या ग्रंथप्रेमी शहरांत कोलंबियाच्या पदवीधराला राहावयास खोली मिळेना, कारण तो अस्पृश्य. एका पारशी धर्मशाळेंत नांव चोरून तो राहिला. ओस पडलेला वरचा मजला, वटवाघळांची फडफड आणि रखवालदारानें आणून दिलेला एक लहानसा कंदील! त्या उजेडांत आपण पुस्तकांत डोकें खुपसून एकटेपणा विसरण्याचा यत्न करीत असूं, असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावें लागलें. पुस्तक असणें आणि पुस्तक घेऊन बसावयास जागा असणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयाचा विचार करणारे पुष्कळ विद्वान् पहिलीपाशींच थांबतात.

१९२० ते १९२३ ह्या वर्षांत लंडनला परत जाऊन त्यांनीं अर्थशास्त्राचा अभ्यास पुरा केला. ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत सकाळीं दार उघडतांच शिरावयाचें आणि रात्रीं पहारेकरी उठवील तेव्हां उठावयाचें, हा त्यांचा क्रम प्रसिद्धच आहे.

मायदेशीं आल्यावर २० जुलै १९२४ रोजीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहें आहेत, तशींच ग्रंथालयें व अभ्यासमंडळेंहि आहेत. १९२५ च्या आरंभीं सभेनें सोलापुरास वसतिगृह काढलें. मुंबईंत मोफत वाचनालय उघडलें, तरुणांसाठीं हॉकीचा संघ काढला, आणि विद्यार्थ्यांनींच चालविलेलें ‘सरस्वती विलास’ नांवाचें एक मासिकहि निघूं लागलें. राहावयास जागा, वाचावयास पुस्तक, लिहावयास पान आणि खेळावयास मैदान! पुढें विद्यापीठांनीं विद्यार्थिकल्याण म्हणून जें खातें उघडलें, त्याचा सगळा नकाशा ह्या गरीब सभेच्या कामांत दिसतो. पैसा मात्र नव्हता. त्यामुळें ह्यांतलें बरेंचसें फार दिवस टिकलें नाहीं.

टिकलें तें वीस वर्षांनंतरचें. ८ जुलै १९४५ रोजीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि २० जून १९४६ रोजीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालें. जागा कसली, तर मरीन लाइन्सवर युद्धाच्या काळांत लष्करासाठीं उभारलेल्या बराकी. प्राचार्य म्हणून संस्कृतचे व्यासंगी पंडित अ. बा. गजेंद्रगडकर आले. दारें सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना उघडीं होतीं. महाविद्यालयाचें नांव बुद्धाच्या नांवावरून ठेवलें होतें. १९०७ च्या त्या सभेंत हातीं आलेलें चरित्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचा उलगडा करून सांगावयास नको.

ह्या कॉलेजाचें वैशिष्ट्य असें कीं, तें विद्यार्थ्याच्या घड्याळाप्रमाणें चाले. दिवसभर कचेरींत कारकुनी करणारा किंवा गिरणींत पाळीवर जाणारा तरुण अकरा वाजतां वर्गांत कसा येणार? म्हणून वर्ग भल्या सकाळीं भरत. सकाळचें कॉलेज ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. त्या वेळीं तिनें मुंबईंतील कितीतरी नोकरदारांना पदवीच्या वाटेवर आणलें. अशा विद्यार्थ्यापाशीं घरीं टेबल नाहीं आणि दुपार मोकळी नाहीं. त्याला ग्रंथालय हें चैनीचें दालन नसून अभ्यासाची एकमेव खोली असते, हें संस्थापकांना दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढें हें महाविद्यालय फोर्टमध्यें हॉर्नबी रोडवरील आनंद भवन व बुद्ध भवन ह्या इमारतींत गेलें. ग्रंथपाल म्हणून एस. एस. रेगे ह्यांनीं तेथें काम पाहिलें. बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या ग्रंथांविषयीं व वाचनाच्या संवयींविषयीं जी माहिती अभ्यासकांना मिळत गेली तींत रेग्यांच्या आठवणींचा वांटा मोठा आहे. बाबासाहेबांच्या खाजगी संग्रहाचा कांहीं भाग ह्याच ग्रंथालयांत आला. त्यांत त्यांचे कोलंबियांतील गुरु जॉन ड्यूई ह्यांचें लोकशाही व शिक्षण ह्या विषयावरील पुस्तक आहे. तें १९१७ च्या आरंभीं लंडनला असतांना घेतलेलें आहे. म्हणजे बुडालेल्या पेट्यांत तें नव्हतें. पानांवर तांबड्या व निळ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. गुरूचें कोणतें वाक्य शिष्याला पटलें आणि कोणत्या वाक्यापाशीं तो थबकला, हें त्या खुणांवरून ताडण्यासाठीं आज परदेशचे अभ्यासक मुंबईस येतात.

केवळ पुस्तकांवरच हें कॉलेज थांबलें नाहीं. विद्यार्थ्यांची संसद हा तेथील एक गाजलेला कार्यक्रम होता: सरकारपक्ष, विरोधी पक्ष, सभापति, विधेयकें, सारें कांहीं खऱ्या संसदेसारखें. १९५० सालीं ह्या संसदेपुढें स्वतः देशाचे कायदेमंत्री हिंदु कोड बिलावर बोलावयास उभे राहिले. ज्या विधेयकावर दिल्लींत वादळ उठलें होतें त्याच्यावर मुंबईच्या वीस वर्षांच्या मुलांनीं मतें द्यावयाचीं होतीं, आणि मत द्यावयाचें म्हणजे आधीं वाचावें लागतें. ग्रंथालयांत गर्दी व्हावी म्हणून आज भिंतीवर जीं सुभाषितें टांगतात त्यांपेक्षां हा उपाय पुष्कळ खात्रीचा होता.

त्याच सुमारास सरकारी बाजूनेंहि जाग येत होती. डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगानें १९४८-४९ सालीं देशभरचीं महाविद्यालयें पाहिलीं. खर्चाच्या सव्वासहा टक्के रक्कम, किंवा दर विद्यार्थ्यामागें चाळीस रुपये, ग्रंथालयावर खर्च व्हावेत अशी शिफारस त्यानें केली. शिफारस उत्तम होती. ती किती ठिकाणीं अंमलांत आली हें विचारण्याची फारशी कोणी तसदी घेतली नाहीं.

मुंबईंतला हा दिवा मराठवाड्यांत गेला. निजामाच्या राज्यांत वाढलेल्या त्या भागांत उच्च शिक्षणाची सोय अगदीं तुटपुंजी होती. १९५० सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें इमारतीची कोनशिला बसली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. भिक्षु नागसेनाशीं वाद घालणारा ग्रीक राजा मिलिंद ह्याचें हें नांव. प्रश्न विचारणाऱ्याचें नांव कॉलेजाला आणि उत्तर देणाऱ्याचें नांव, नागसेनवन, परिसराला! खेड्यापाड्यांतून पायीं आलेलीं, घराण्यांत प्रथमच अक्षर गिरविणारीं मुलें ह्या परिसरांत शिकलीं, आणि त्यांतून पुढें मराठी साहित्याला लेखक मिळाले.

मराठवाड्याच्या मुलांची दुसरी वाट पुण्याकडे होती. पुण्यास येऊन शिकावें तर राहावयाचें कोठें, हा पहिला प्रश्न. अशा विद्यार्थ्यांच्या सोयीचा विचार घेऊन १९६७ सालीं शंकरराव चव्हाण ह्यांच्या पुढाकारानें पुण्यांत मराठवाडा मित्र मंडळ उभें राहिलें. ह्याच मंडळानें पुढें जीं महाविद्यालयें काढलीं, त्यांत थेरगांवचें औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय व तंत्रनिकेतन हीं आहेत. सोलापूरचें वसतिगृह, मुंबईच्या बराकी, नागसेनवन आणि थेरगांव ह्यांचे संस्थापक निराळे, काळ निराळे. पण परगांवाहून आलेल्या मुलाला जागा आणि पुस्तक कोण देणार, हा प्रश्न सर्वत्र एकच.

थेरगांवचा आजूबाजूचा प्रदेश कारखान्यांचा आहे. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागून खाजगी कारखाने आले, १९७० सालीं नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. कामगारांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून येणाऱ्या मुलामुलींना परळच्या चाळीचें वर्णन फारसें परकें वाटणार नाहीं. शेळी नसेल, दूरदर्शन संच असतो. म्हणूनच ह्या भागांत अभ्यासिका नांवाची संस्था फोफावली. पुण्याकडील ही अस्सल मराठी उपज: पुस्तक स्वतःचें आणावयाचें, खुर्ची, पंखा, दिवा आणि शांतता तेवढी तेथें मिळते. तेथें जागा मिळविण्यासाठीं नांवें नोंदवून वाट पाहावी लागते, आणि त्याच वेळीं कित्येक महाविद्यालयांचीं ग्रंथालयें संध्याकाळीं कुलूप लावून मोकळीं होतात. ह्या विसंगतीचें उत्तर व्यवस्थापकांनीं द्यावयास हवें.

साधनांची वाण मात्र आतां पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. २०१० पासून महाविद्यालयांना परदेशी नियतकालिकें व ग्रंथ संगणकावर मिळूं लागले. २०१८ सालीं खरगपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेनें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय देशाला अर्पण झालें. १२ ऑगस्टला रंगनाथन् ह्यांच्या जन्मदिनीं ग्रंथपाल दिन होतो. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलाम ह्यांच्या जन्मदिनीं महाराष्ट्रांत २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशीं पुस्तकांचें प्रदर्शन मांडतात, मुलें एक तास वाचतात, छायाचित्रें निघतात. तपासणीस येणारीं मंडळें पूर्वीं कपाटांतलीं पुस्तकें मोजीत. अलीकडे रोज किती वाचक आले हेंहि विचारतात, ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

पण जाड, महाग आणि दर दोन-तीन वर्षांनीं नवी आवृत्ति निघणारें क्रमिक पुस्तक अजूनहि विद्यार्थ्याला हातांत धरावयास लागतें. त्याचा विचार करून केंद्र सरकारनें १९७८-७९ सालीं अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं पुस्तकपेढी काढली. प्रथम वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या, आणि पुढें तंत्रनिकेतनांसारख्या इतर अभ्यासक्रमांच्याहि. वर्षभर पुस्तकांचा संच न्यावयाचा, अभ्यास झाला कीं पुढच्यासाठीं परत करावयाचा. सुभेदार रामजींना ज्यासाठीं मुलीचा दागिना मागावा लागला तें आतां नियमानें, सही करून मिळूं लागलें. आरंभीं तीन विद्यार्थ्यांमागें एक संच असे. पुढें तो दोघांमागें एक झाला. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तो दोघांपैकीं कोणाच्या खोलींत असावा, हें त्या नियमांत लिहिलेलें नव्हतें. तें त्या दोघांनीं आपसांत ठरवावयाचें होतें.